ड्रायरमधली तेलकट फडकी

आमच्याकडे ड्रायर म्हणजे वॉशिंग मशीनचं दुसरं भांडं, ज्यात कपडे गरगर फिरून पिळले जातात. पांढुर्ण्यात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने नागपूरहून गरम हवेने कपडे वाळवणारं वेगळं यंत्र आणलं, तेव्हा त्याला आल्यागेल्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं, "तो नाही हो, हा वेगळा. याच्यातून कोरडे कपडे निघतात. काढाचे का डायरेक्ट घालाचे." सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा, जसं काही कपडे वाळवायची कल्पना जगात आधी त्यालाच सुचली.

मी त्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. सौसरला एका कार्यालयात नोकरी करते, रोज बसने जाते-येते. आईवडील गेल्यावर आम्ही दोघं एकाच घरात राहिलो, मग त्याचं लग्न झालं आणि आम्ही तिघं झालो. भाऊ संत्र्याचा व्यापार करतो. म्हणजे लोकांच्या बागांमध्ये फिरतो, झाडाखाली उभा राहून फळाकडे बघत मान हलवतो आणि उरलेला वेळ फोनवर बोलतो. त्या वर्षी माझी भावजय बाळंतपणासाठी माहेरी, रामाकोन्याला गेली होती. ती बाळाला घेऊन परत येणार तेव्हा नेमकी झड लागलेली असणार, लंगोट वाळणार नाहीत, हे तिनेच फोनवर सांगितलं होतं. यंत्र आणण्यामागे शहाणपणाचं एवढं एकच कारण होतं, आणि तेही भावाचं नव्हतं.

यंत्र बसवायला नागपूरचा मिस्त्री आला. मधल्या वयाचा, कमी बोलणारा माणूस. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळीत भावाने आधीच सुताराकडून सनमायका लावलेलं लाकडी कपाट करून घेतलं होतं, यंत्र आत ठेवायला. उघडं ठेवलं तर चांगलं दिसत नाही म्हणे. मिस्त्रीने कपाट पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

"साहेब, याले बंद कपाटात ठेवू नका. हवा पाहिजे. आन् हा मागचा पाइप भिंतीतून बाहेर काढा लागते. गरम, ओली हवा निघते त्याच्यातून."

"भिंत नाही फोडत," भाऊ म्हणाला. "टाइल्स आताच लावल्या."

"मंग खिडकीतून काढा."

"पाहू ना ते मागून. तुम्ही फक्त चालू करून द्या."

तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत अंगणात गेला. मिस्त्री पुढचं सगळं मला सांगत बसला. दरवेळी कपडे काढले की दारातली जाळी बाहेर काढून साफ करायची. प्लग वेगळ्या मोठ्या पॉइंटला लावायचा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही. रबर, फोम, तेल किंवा पेट्रोल लागलेलं काही आत टाकायचं नाही. चालू असताना घराला कुलूप लावून जायचं नाही. शेवटची दहा मिनिटं यंत्र थंड हवा फिरवतं, ती पूर्ण होऊ द्यायची. मी मान डोलवत होते. भाऊ परत आला तेव्हा मिस्त्रीने त्यालाही सांगायला तोंड उघडलं, पण तोवर भावाने यंत्राला टेकून स्वतःचा फोटो काढायला सुरुवात केली होती. मिस्त्रीने तोंड मिटलं. असे चेहरे त्याने पुष्कळ पाहिले असणार.

पाइप शेवटी कुठेच निघाला नाही. कपाटाच्या मागे दोनदा दुमडून भिंतीशी दाबून ठेवला गेला. प्लग लागला तो फ्रिजच्या एक्स्टेंशनवर. आठ दिवसांत बोळीच्या भिंतीला ओल सुटली आणि सनमायका कडेने फुगला. भाऊ म्हणाला, पावसाळा आहे.

पहिल्या खेपेनंतर मी जाळी बाहेर काढली. तिच्यावर करड्या रंगाचा थर बसला होता, बोटाने सोलला की पापुद्र्यासारखा सलग निघणारा. भाऊ ते बघून दचकला.

"हे काय निघालं?"

"कपड्याचे तंतू. दरवेळी काढा लागतात."

"म्हणजे कपडे झिजून राहिले?"

"सगळेच कपडे झिजतात. एरवी दिसत नाही."

यावर त्याने बराच विचार केला आणि निष्कर्ष काढला की जाळी सारखी काढली म्हणून कपडे झिजतात. तेव्हापासून मी ऑफिसला गेले की तो जाळीला हात लावत नसे आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नसे. त्याचे ओले बूट त्याने आत टाकले. पूर्ण बोळीत धडाधडा आवाज होत राहिला, जणू आत कुणीतरी बाहेर येऊ पाहतंय. पुढे त्याने पावसाळी कोटही टाकला, रबरी अस्तराचा. मी वेळेवर बघितलं आणि बाहेर काढला, तर तो रागावला. "ताई, हे कंपनीवाले लोकांले घाबरवून राहतात. त्यायचं कामच ते आहे."

माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत होती. मी ती दोनदा वाचली. एका कोऱ्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात सात-आठ सूचना लिहिल्या आणि कपाटाच्या दारावर चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी कागद नव्हता. भावाने सांगितलं, पाहुणे आले होते, बरं दिसत नव्हतं. पाहुणे म्हणजे त्याचे व्यापारातले दोन मित्र, ज्यांनी यंत्राचं दार उघडून आत डोकं घातलं होतं आणि एकाने विचारलं होतं, मिरच्या वाळतील का. अशा माणसांसमोर लाज वाटू नये म्हणून माझा कागद फाडला गेला. मी त्या दिवशी भावाशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला ते कळलंही नाही.

भावजय बाळाला घेऊन आली. त्यापाठोपाठ मालिश करणारी मावशी यायला लागली. ती नदीपलीकडची, सावरगावची. पन्नाशीची, हाडाने काटक बाई. सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा यायची. बाळाला पायांवर घ्यायची, तिळाचं कोमट तेल लावायची, आंघोळ घालायची, मग भावजयीची पाठ आणि कंबर चोळायची. या सगळ्यात फडकी, जुने टॉवेल, एक सुती चादर तेलाने माखायची. ती धुवायला मावशीच घेऊन जायची. पिळून मागच्या पत्र्याच्या शेडखाली टाकायची. ती कधी नीट वाळायची नाहीत, पण हवेला राहायची.

भावाला हे पटेना. "मावशी, मशीन आणलं ना आपण. त्याच्यात टाका ना."

"तेलाचं नाही टाकत, भाऊ," मावशी म्हणाली. "तेल काई पूर्ण निघत नाही साबणानं."

"तुम्हाले काय माहीत मशीनचं?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं आणि बादली उचलली. मी तिथेच उभी होते. मला बरं वाटलं. मला वाटलं, या घरात माझ्याशिवाय आणखी एका माणसाला अक्कल आहे.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात एका सुट्टीच्या दिवशी हे झालं. तीन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. भाऊ बोरगावकडे कुठल्या बागेत गेला होता. घरात भावजय, बाळ आणि मी. दुपारी दीडच्या सुमारास भावजय पुढच्या खोलीतून म्हणाली, "ताई, एकही कोरडं फडकं नाही उरलं. चार वाजता मावशी येईल तं काय द्यायचं?"

शेडखाली सकाळची फडकी ओलीच लोंबत होती. मी ती काढली. साबणाने आणखी एकदा घासली, गरम पाण्यात खळबळली. नाकाशी धरून वास घेतला. तेलाचा वास येत होता, थोडा. मी स्वतःला सांगितलं, दोनदा धुतलं, आता काय होतं. आणि मी ती सगळी फडकी, टॉवेल आणि चादर ड्रायरमध्ये टाकली, सगळ्यात जास्त गरम हवेवर लावून. जाळी काढून बघितली नाही. त्या आठवड्यात मी ती एकदाही बघितली नव्हती, कारण फाडलेल्या कागदाचा राग माझ्या मनात अजून होता आणि त्याचं यंत्र त्याने सांभाळावं, असं मी ठरवलं होतं.

अर्ध्या तासाने लाइट गेली.

पुस्तिकेत याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. यंत्र मध्येच बंद पडलं तर कपडे ताबडतोब बाहेर काढून पसरून ठेवा, गरम कपड्यांचा ढीग आत राहू देऊ नका. माझ्या फाटलेल्या कागदावर ही सूचना चौथी होती. मी ती ठळक अक्षरात लिहिली होती. पण मी उठले नाही. लाइट येईल, यंत्र उरलेलं काम करेल, असं मनात म्हणाले आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीला फोन लावला. आम्ही पाऊण तास बोललो. काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी तिला माझा भाऊ किती मठ्ठ आहे ते सांगत होते. बूट, रबरी कोट, मिरच्यावाला मित्र. ती हसत होती. मी आणखी रंगवून सांगत होते.

चार वाजता मावशी आली. ओली छत्री दाराशी टेकवली आणि तिथेच थबकली.

"काय जळून राहिलं?"

मला काहीच वास येत नव्हता. मग आला. तेल कढईत जास्त तापल्यावर येतो तसा, आणि त्याच्याखाली जळक्या कापडाचा. मावशी माझ्याआधी बोळीत पोचली. कपाटाच्या फटींमधून पांढुरका धूर बारीक धारेने वर जात होता. मी कपाटाचं दार उघडलं. यंत्राच्या काचेआड सगळं करडं होतं. मी यंत्राच्या दाराला हात घातला.

मावशीने माझं मनगट धरलं. इतकं जोरात, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

"उघडू नका!"

"आत कपडे—"

"उघडू नका म्हणून राहिली ना! बारा वर्सं जिनिंगमधे होती मी. कापसाची गंजी अशीच आतून धुमसते. उकरली, हवा लागली का भडकते. पयले मेन बंद करा. पोरगी, तू बाळाले घे अन् बाहेर जाय. चप्पल शोधू नको."

भावजय बाळाला पदरात घेऊन अनवाणी पावसात अंगणापलीकडे गेली. तिथूनच तिने अग्निशमनच्या गाडीसाठी फोन केला. मी मेन स्विच खाली ओढला. लाइट नव्हतीच, पण ती कधीही आली असती. तेवढ्यात कपाटाच्या मागे, जिथे पाइप दाबून ठेवला होता, तिथे पिवळा जाळ दिसला. त्या पाइपात इतक्या आठवड्यांचे तंतू साठले असणार. फुगलेला सनमायका तडतडायला लागला. मावशीने संत्र्याच्या पेट्यांवर टाकायची जुनी पोती न्हाणीतल्या टाकीत बुचकळली आणि आम्ही दोघींनी ती कपाटाच्या मागे, वरून, बाजूने कोंबली. मी बादलीने पाणी मारत राहिले. घाईत अर्धं पाणी माझ्याच पायांवर पडत होतं. मावशी खोकत होती आणि मला ओरडून सांगत होती, "खाली मारा, जाळाच्या बुडाशी." मग जाळ गेला, नुसता धूर उरला आणि आम्ही दोघी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलो. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं.

गाडी आली. त्यातल्या माणसाने यंत्र बराच वेळ तसंच बंद राहू दिलं, मग पाण्याची नळी हातात धरून दार उघडलं. आत कोळशासारखा एक गठ्ठा होता. त्याने तो काठीने बाहेर ओढला, वास घेतला.

"तेलाचे कपडे होते?"

मी बादली उचलून बाजूला ठेवली. त्याने जाळी ओढून काढली, ती अर्धी वितळली होती. तो मान हलवून निघून गेला.

सहाच्या सुमारास भाऊ आला. बाळ कसं आहे, हे त्याने विचारलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं लिहायचं आहे. मग तो बोळीत गेला आणि यंत्राभोवती फिरला.

"गॅरंटी होती ना अजून याची?" तो म्हणाला. आणि लगेच, "तेलाची फडकी टाकली कोणं?"

मावशी ओसरीत बसली होती. भावजयीने तिला चहा दिला होता, तो तिने अजून घेतला नव्हता.

"मावशी, तुम्ही टाकली काय?" भाऊ म्हणाला. "तुम्हाले मीच सांगितलं होतं टाकाले, पण नीट धुवून टाकाची ना. एवढी अक्कल पाहिजे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या पाहण्यात. ती फक्त वाट बघत होती. शेडखाली दोरी रिकामी होती, आणि त्या दोरीवर सकाळी तिने स्वतःच्या हाताने फडकी टाकली होती. तिला काही विचारायची गरज नव्हती. भावजयीनेही दुपारी फडकी माझ्याकडेच मागितली होती, आणि आता ती बाळाकडे बघत होती.

मी गप्प बसले.

ते किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. कदाचित एका श्वासाएवढंच. पण माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला नीट माहीत आहे. मी विचार करत होते की भाऊ हसेल. पुस्तिका दोनदा वाचणारी, कागद चिकटवणारी, टोमणे मारणारी ताई. तो आयुष्यभर हसेल. त्याच्यासमोर मूर्ख ठरण्यापेक्षा मला एका बाईला मूर्ख ठरू देणं सोपं वाटलं, आणि तीही अशी बाई, जिने दोनच तासांपूर्वी घर वाचवलं होतं.

मावशी उठली. "बाळाची आंघोळ राहिली आजची," ती भावजयीला म्हणाली.

"राहू द्या आता," भाऊ म्हणाला. "अन् उद्यापासूनही राहू द्या. पाहतो आम्ही."

तिने छत्री घेतली आणि गेली. चहा तसाच होता.

मी भावाला खरं सांगायला तीन दिवस लावले. सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने ताटातून मान वर केली.

"तू टाकली? तू तं मले बुटावरून बोलली होती!"

"हाव. मीच."

तो हसला. मला वाटलं होतं तसाच हसला, पोट धरून, आणि ते हसणं अगदीच किरकोळ निघालं. मला काहीच झालं नाही. या हसण्याला मी इतकी भ्याले होते. मग मी म्हटलं, "चल, आपण सावरगावले जाऊ. मावशीची माफी मागू."

"आता कायले? झालं ते झालं. तिले काय, दुसरं घर भेटते." आणि तो परत जेवायला लागला. माझा भाऊ वाईट माणूस नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचे. चुकीच्या माणसाला घरातून घालवलं हे कळल्यावर ज्याचा भाताचा घास थांबत नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरले ती घरी गेलेच नाही, सरळ पुलावरून पलीकडे गेले. विहाराच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. मावशी दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. तिने मला पाट दिला. मी जे सांगायचं ते सांगितलं, अडखळत. ती सूप हलवत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही बोलल्या काऊन नाही?"

"तुम्ही बोलान म्हणून थांबली."

मी तिला परत यायला सांगितलं, भावजय वाट बघते म्हणाले, बाळ रडतं म्हणाले. यातलं बाळाचं खरं होतं.

"बाळाची याद येते," मावशी म्हणाली. "पण नाही येत मी. भाऊ बोलले त्याचं मले काही नाही वाटलं. ते तसेच आहेत, पयल्या दिवशीच समजलं. तुम्ही शिकलेल्या आहा, म्हणून तुमच्याकडे पाहिलं मी." तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "चहा घ्याल?"

मी चहा घेतला. तो गोड होता. पूर्ण संपवूनच उठले, तेवढं तरी करायचं म्हणून.

भावाने पुढे दुसरं यंत्र आणलं. या वेळी मी भिंत फोडून घेतली. गवंडी मीच बोलावला, पाइप सरळ बाहेर काढला, कपाट केलंच नाही, वेगळा पॉइंट ओढून घेतला. जाळी मी दरवेळी साफ करते, भाऊ घरात असो वा नसो. तेलाची फडकी पत्र्याखालीच वाळतात. बाळाचं मालिश आता भावजय करते. तिला ते नीट जमत नाही, बाळ निसटतं. पण ती रोज करते आणि मावशीचं नाव निघालं की ती माझ्याकडे बघत नाही.

दिवाळीत पाहुणे आले, तेव्हा भाऊ त्यांना नवं यंत्र दाखवत होता आणि जुन्याची कथा सांगत होता. त्याच्या कथेत मालिशवाली एक अडाणी बाई होती. मी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आले.

"ती फडकी मी टाकली होती," मी म्हणाले. "मावशीनं घर वाचवलं. अन् यानं तिले हाकललं, अन् मी गप्प राहिली."

भाऊ भिंतीकडे बघायला लागला. पाहुण्यांमध्ये एक वयस्कर काकू होत्या, चिवड्याची बशी मांडीवर घेतलेल्या. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे ग बाई. होते असं."

सगळ्यांनी माना डोलवल्या. हाव, होते. बशा पुन्हा वाजायला लागल्या. मी तिथे उभी होते आणि मला त्या एकेका मान डोलवणाऱ्याचा इतका तिटकारा आला, की हात धुवायच्या निमित्ताने मी आत निघून गेले.